खिडक्या बंद, तरी घरभर ओल: पहिल्याच पावसाळ्यात थकलेल्या मैत्रिणीला

या आठवड्याचं पत्र थोडं कापून देतेय, नाव द्यायचं नाही असं तिनेच सांगितलंय:

"ताई, नवऱ्याच्या बदलीमुळे आम्ही विषुववृत्ताजवळच्या एका देशात राहायला आलो आणि आता इथला पावसाळा चालू झालाय. पाऊस काय, लहानपणापासून बघितलाय असं वाटलं होतं. पण हे वेगळंच आहे. कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत, वाळले तरी वास येतो. कपाट उघडलं की कुबट वास, बेडरूमच्या भिंतीवर काळे ठिपके आलेत. पाऊस आणि डास आत येऊ नयेत म्हणून मी दिवसभर खिडक्या बंद ठेवते तरी डास आहेतच. मुलगा ६ वर्षांचा आहे, भिजून आजारी पडेल म्हणून त्याला बाहेर सोडत नाही, तो घरात वेडा झालाय. सासूबाई परवा बाथरूमच्या दारात घसरता घसरता वाचल्या. नवरा म्हणतो पावसाळा आहे, चालायचंच. मी दिवसभर पुसत असते आणि सगळ्यांवर खेकसत असते. मला घर सांभाळता येत नाही असं वाटायला लागलंय."

अगं, आधी हे शेवटचं वाक्य खोडून टाक. तुला घर सांभाळता येतंय, तू दिवसभर पुसतेयस म्हणजे कष्ट कमी पडत नाहीयेत, फक्त ते चुकीच्या ठिकाणी जातायत. आणि त्यात तुझी चूक नाही कारण हे कोणी सांगतच नाही. मलाही माझ्या पहिल्या अशा पावसाळ्यात कोणी सांगितलं नव्हतं, लग्नातली चामड्याची पर्स कपाटातून काढली तर तिच्यावर हिरवट लव आलेली आणि मी त्या दिवशी खरंच रडले होते.

तर तुला जे सांगायचंय ते असं की तुझ्या घरातली बरीचशी ओल पावसाची नाहीच, ती घरातच तयार होते आणि बंद खिडक्यांमुळे बाहेर पडायला तिला वाट मिळत नाही. डासांचंही तेच, ते खिडकीतून येतायत असं तुला वाटतं पण त्यातले कितीतरी तुझ्या घरातच जन्माला येत असणार. दोन्हींवर उपाय एकाच ठिकाणी आहे, घरात पाणी कुठेकुठे आहे ते शोधायचं.

आता कपड्यांचाच हिशोब बघ. मशीनमधून ५ किलोचा एक लोड स्पिन करून काढला तरी त्यात साधारण अडीच लिटर पाणी उरलेलं असतं. ते सगळं हवेत जायचं म्हणजे कपडे वाळायचे. आता १० बाय १० ची खोली घे, तेवढ्या खोलीतली हवा ३० डिग्रीला अगदी भरून वाहेपर्यंत भरली तरी जेमतेम पाऊण-एक लिटर पाणी वाफेच्या रूपात धरू शकते, आणि पावसाळ्यात ती आधीच पाऊण भरलेली असते. मग अडीच लिटर जाणार कुठे? काही कपड्यातच राहतं, काही गादीत, पुस्तकात, भिंतीच्या रंगात जाऊन बसतं. तू बेडरूममध्ये दोरी बांधून खिडकी लावून घेतेस ना, ते कपडे तीन दिवस वाळत नाहीत ते यामुळे, आणि भिंत काळी पडते तीही यामुळेच. आणि वासाचं म्हणशील तर तो साबण कमी पडला म्हणून येत नाही, कपडा जास्त वेळ ओला राहिला की त्यात बॅक्टेरिया वाढतात त्यांचा तो वास असतो, म्हणून जास्त पावडर टाकून काही होत नाही उलट पावडर कपड्यात राहून अजून चिकटपणा येतो.

मग काय करायचं? एक खोली किंवा बाल्कनीजवळचा कोपरा फक्त कपड्यांचा ठरव, शक्यतो झोपायची खोली नको. तिथली खिडकी उघडी पाहिजे, पाऊस आत येत असेल तर वाऱ्याच्या उलट बाजूची उघड, आणि फॅन कपड्यांवर चालू पाहिजे. बाहेरची हवा पण दमटच आहे मग खिडकी उघडून काय उपयोग असं तुला वाटेल, पण ओल्या कपड्याला चिकटून जो हवेचा थर असतो तो पूर्ण ओला झालेला असतो, फॅन त्याला हलवतो आणि खिडकी त्याला बाहेर जायला वाट देते, एवढ्यानेच खूप फरक पडतो. दोन कपड्यांमध्ये चांगलं वीतभर अंतर ठेव. एकदम मोठा लोड लावू नकोस, रोज थोडे धू. मशीनला दुसऱ्यांदा नुसतं स्पिन लाव, विजेला तेवढं लागत नाही आणि ते पाणी हवेत न जाता नळीतून गटारात जातं. टॉवेल आणि जीन्स मात्र उघडीप असेल त्याच दिवशी.

उघडीप म्हणजे नेमकी कधी, हे शोधणं हे तुझं पहिलं काम. उष्ण कटिबंधातला पाऊस बऱ्याच ठिकाणी टाइमटेबल धरून पडतो. सकाळी ऊन पडतं, जमीन तापते, गरम दमट हवा वर चढते, दुपारपर्यंत ढगांचे मनोरे होतात आणि मग तीन-चारला धो धो कोसळतो, संध्याकाळी मोकळं. समुद्राकाठी काही ठिकाणी याच्या उलट असतं, रात्री नाहीतर पहाटे पाऊस आणि दुपार कोरडी. आणि मधूनमधून झड लागते, दोन-तीन दिवस सलग, तेव्हा टाइमटेबल बिइमटेबल काही नसतं. तर तू एक आठवडा फक्त लिहून ठेव, किती वाजता आला किती वाजता थांबला. चार दिवसात पॅटर्न दिसायला लागेल आणि मग धुणं, बाजार, मुलाचं खेळणं, गाद्यांना हवा देणं सगळं त्या कोरड्या दोन-तीन तासांभोवती लाव. आत्ता तू सवयीने घड्याळावर चालतेस, नऊला धुणं अकराला बाजार, आणि पाऊस तुला रोज मध्येच गाठतो मग चिडचिड होणारच ना.

कपड्यांशिवाय पण घरात पाणी येतंच. अंघोळ, स्वयंपाक, ओली फरशी, आपला श्वास. बाथरूममध्ये एक्झॉस्ट असेल तर अंघोळीनंतर पण अर्धा तास चालू ठेव आणि दार लावून ठेव, नाहीतर ती सगळी वाफ बेडरूममध्ये येते. भांड्यांवर झाकण ठेव. आणि फरशी, अगं दिवसातून चार वेळा ओल्या फडक्याने पुसतेस ना, ते पाणी पण हवेतच जातंय! एकदाच पूस, तेही उघडीप असताना, फडकं घट्ट पिळून, आणि वरून फॅन. तुझे कष्ट कमी होतील आणि ओलही.

एसीचं एक सांगते कारण तुमच्याकडे असेल असं धरून चालतेय. एसी हवेतलं पाणी काढतो हे खरं, ते नळीतून ठिबकतं तेच ते पाणी. पण रात्रभर १८ वर ठेवायचा आणि सकाळी बंद करून लगेच खिडक्या उघडायच्या असं करत असशील तर थंड पडलेल्या भिंतींवर बाहेरची दमट हवा लागते आणि भिंतीला घाम फुटतो, थंड पाण्याच्या ग्लासला फुटतो तसाच. २५-२६ वर ठेव, ड्राय मोड असेल तर तो वापर, आणि एसी चालू असताना खिडक्या बंद, बंद असताना खिडक्या उघड्या, पण बंद केल्यावर अर्धा तास थांबून उघड. जमलं तर एक हायग्रोमीटर घे, हवेतली आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र. आकडा ६० टक्क्यांच्या खाली राहिला तर बुरशी फारशी वाढत नाही, ७०-७५ वर दिवसचे दिवस राहिला तर ती वाढणारच. अशा हवेत ६० गाठणं दर वेळी शक्य नाही पण कुठल्या खोलीत आकडा जास्त आहे ते तरी कळतं.

आता ते काळे ठिपके. कोरड्या ब्रशने घासू नकोस, त्याचे कण घरभर उडतात. खिडकी उघडून, हातमोजे आणि मास्क घालून, साबणाच्या पाण्याने पूस आणि मग ती जागा पूर्ण कोरडी कर, फॅन लावून. ब्लीच वापरलंस तर त्यात टॉयलेट क्लीनर किंवा दुसरं काहीही मिसळायचं नाही, विषारी गॅस तयार होतो, हे मी मुद्दाम सांगतेय कारण वैतागलं की माणूस दोन बाटल्या एकत्र ओततं. त्याच्यावर नुसता रंग मारून घेऊ नका, दोन महिन्यात पोपडे निघून तेच परत वर येतं. आणि पुसूनही महिन्याभरात नेमकं त्याच जागी परत आलं, किंवा डाग खालून वर चढत असेल, तर मग पाणी बाहेरून झिरपतंय किंवा पाइप गळतोय, तिथे तुझ्या फडक्याचं काम नाही घरमालकाचं आहे, फोटो तारखेसकट काढून त्याला पाठव.

कपाटं भिंतीला चिकटून असतील तर ती चार बोटं पुढे ओढा. मागे हवा फिरली पाहिजे. आत कपडे कोंबू नकोस आणि १००% वाळल्याशिवाय एकही कपडा आत नाही, एक अर्धवट ओली चादर सगळं कपाट कुबट करते. पाणी शोषून घेणारे डबे मिळतात, खाली पाणी साचतं ते, बंद कपाटात ते चालतात पण उघड्या खोलीत ठेवून काही उपयोग नाही. बूट ओले झाले तर आतला सोल काढून त्यात वर्तमानपत्राचे बोळे कोंब आणि दोन-तीन तासांनी बदल.

डासांकडे येऊ. दिवसा चावणारे, पायांवर पांढरे पट्टे असलेले जे डास असतात ते एडिस, डेंग्यू पसरवणारे. हे गटारात होत नाहीत, यांना स्वच्छ साठलेलं पाणी लागतं आणि बाटलीच्या झाकणाएवढं पाणी पण पुरतं. ते फार लांब उडत नाहीत, जन्मले तिथून शे-दोनशे मीटरच्या आसपासच राहतात, आणि बसतात कुठे तर पडद्यामागे, पलंगाखाली, कपाटाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात. म्हणजे तू खिडक्या बंद करतेस तेव्हा त्यांना आत कोंडून घेतेस.

याचं एक जुनं उदाहरण मला कायम आठवतं. पनामा कालवा खणायचा पहिला प्रयत्न फ्रेंचांनी १८८० च्या दशकात केला, पीतज्वर (यलो फीव्हर) आणि मलेरियाने माणसं हजारोंनी गेली. तिथल्या हॉस्पिटलात मुंग्या चढू नयेत म्हणून पलंगाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायचे, आणि बागेतल्या झाडांभोवतीही पाणी. त्याच पाण्यात एडिस वाढत होते आणि पीतज्वरही हाच डास पसरवतो. म्हणजे काळजी घ्यायला केलेल्या गोष्टीतूनच रोग येत होता आणि कोणाला कळत नव्हतं. १९०४ नंतर अमेरिकन डॉक्टर विल्यम गोर्गस यांच्या माणसांनी घरोघरी जाऊन पिंपं झाकली, साठलेलं पाणी काढलं, आणि दोन वर्षांच्या आत तिथला पीतज्वर संपला.

तर तू पण तुझ्या घरातल्या वाट्या शोध. फ्रिजच्या मागे खाली एक ट्रे असतो तो बघ, बहुतेक जणांना माहीतच नसतो. कुंड्यांखालच्या ताटल्या, मनीप्लांटची बाटली, एसीच्या पाण्याखाली ठेवलेली बादली, वापरात नसलेलं टॉयलेट, बाल्कनीत उलटं न ठेवलेलं टब, मुलाची खेळणी. पाणी नुसतं ओतून देऊन भागत नाही, अंडी पाण्याच्या वरच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन् महिने जिवंत राहतात, परत पाणी आलं की फुटतात. म्हणून आठवड्यातून एकदा घासायचं, कारण अंड्यापासून डास व्हायला या गरमीत साधारण आठ-दहा दिवस लागतात, आठवड्याला घासलंस की ते मध्येच तुटतं. एक वार ठरव आणि हे काम मुलाला दे, टॉर्च घेऊन अळ्या शोधायच्या, माझ्या भाच्याला हा पावसाळ्यातला सगळ्यात आवडता खेळ होता. खिडक्यांना जाळी लावून घ्या, मग उघड्या ठेवता येतील. कॉइल मात्र बंद खोलीत जाळू नकोस, तो धूर मुलाच्या आणि आजीच्या छातीत जातो. मच्छरदाणी लाव, दुपारी झोपत असतील तेव्हा पण.

एवढं करून ताप आलाच तर, पॅरासिटामॉल सोडून दुसरी तापाची गोळी स्वतःहून द्यायची नाही, ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन तर नाहीच कारण डेंग्यू असला तर रक्तस्राव वाढू शकतो. पाणी, पातळ पदार्थ भरपूर. आणि हे नीट लक्षात ठेव की डेंग्यूत धोका बऱ्याचदा ताप उतरल्यावरच्या एक-दोन दिवसात असतो, तेव्हा आपण सुटलो म्हणून निवांत होतो. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यातून नाहीतर नाकातून रक्त, मूल एकदम मलूल किंवा फार अस्वस्थ, लघवी कमी, यातलं काहीही दिसलं की सकाळपर्यंत थांबायचं नाही, लगेच हॉस्पिटल.

पण म्हणून मुलाला कोंडू नकोस गं. भिजल्याने सर्दी होत नाही, ती व्हायरसने होते आणि व्हायरस बंद खोलीत एकमेकांच्या श्वासातून जास्त पसरतात. त्याला पावसात खेळू दे, आल्यावर अंग पुसून बोटांच्या बेचक्या कोरड्या करून सुके कपडे, झालं. दोनच गोष्टींना ठाम नाही म्हण. एक, रस्त्यावर तुंबलेलं पाणी. त्यात उंदरांचं मूत्र मिसळलेलं असतं आणि पायाच्या छोट्या जखमेतूनही लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस नावाचा ताप) होतो, झाकण नसलेलं गटार दिसत नाही ते वेगळंच, आणि वाहतं पाणी घोट्याच्या थोडं वर असलं तरी ओढ असेल तर मोठं माणूस पण पडतं. कधी त्या पाण्यातून जावंच लागलं तर पाय साबणाने धुवायचे, आणि नंतर दोन-चार आठवड्यात ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल असं काही झालं तर डॉक्टरला आपण पाण्यातून चाललो होतो हे सांगायचं, ते सांगितल्याशिवाय त्यांना सुचेलच असं नाही. दुसरी गोष्ट वीज. चमकल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोज, तीन सेकंद म्हणजे साधारण एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला की घरात, झाडाखाली नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आतच.

सासूबाईंसाठी बाथरूमच्या दारात आणि आत रबराची, खालून पकडणारी मॅट आजच टाक, कापडी पायपुसणं काढून टाक कारण ते ओलं झालं की फरशीवर सरकतं. एक हँडल लावून घ्या, रात्रीचा छोटा दिवा. त्यांच्या चपलांचे तळवे गुळगुळीत झाले असतील ते बघ. आणि त्यांना विचार ना, पावसाचं टाइमटेबल लिहून ठेवायचं काम त्या करतील का, खिडकीत बसून. मला वाटतं नव्या देशात त्यांनाही काहीतरी आपलं काम हवं असेल.

राहिला नवरा. "चालायचंच" हे तोच म्हणू शकतो ज्याला कुबट टॉवेल धुवावा लागत नाही. हे मी रागाने नाही म्हणत, त्याला खरंच दिसत नसेल कारण तो दिवसभर एसी ऑफिसात असतो. त्याच्याशी भांडू नकोस, त्याच्यापुढे अडीच लिटरचा हिशोब ठेव, आणि जाळ्या लावणं, हँडल बसवणं, घरमालकाला फोटो पाठवून मागे लागणं, घरातल्या मेन बोर्डवर शॉक लागला की वीज तोडणारा आरसीसीबी आहे की नाही हे इलेक्ट्रिशियनकडून बघून घेणं, ही चार कामं त्याच्या नावावर टाक, तारखेसकट. ओल्या भिंतीत वायरिंग आहे, हे शेवटचं तर थांबायचं कामच नाही.

आणि तू रोज त्या उघडीपीत वीस मिनिटं तरी एकटी बाहेर जा, काही आणायला नाही, नुसती. तू पत्रात बाहेरचं एकही वाक्य लिहिलं नाहीस, झाड कुठलं आहे, शेजारी कोण आहे, काहीच नाही. शेजारणींना विचार त्या कपडे कुठे वाळत घालतात, त्या कितीतरी पावसाळे तिथे राहिल्यात, मी इथून सांगतेय त्यापेक्षा त्यांना तुझ्या गल्लीतला पाऊस जास्त कळतो, आणि ओळख काढायला यापेक्षा सोपा विषय मला तरी माहीत नाही.

आज रात्री एवढंच कर, नवरा घरी आला की दोघं मिळून बेडरूमचं कपाट पुढे ओढा आणि मागची भिंत हात लावून बघा, नुसती वरून दमट आहे की खालून ओली आहे. काय दिसलं ते मला लिही, त्यावरून पुढचं सांगते.